एमजी देऊन डॅटसन घ्यावी का?

गेल्या शनिवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतोय तोच कॉलेजातल्या एका मित्राचा फोन आला. हा गडी गेली कित्येक वर्षं न्यू जर्सीत. फोनवर 'कसा आहेस' वगैरे काही नाही, थेट म्हणाला, "तुला एक एक्सेल शीट पाठवलीय. उघड."

उघडली. डावीकडच्या रकान्यात त्याची आठ वर्षं जुनी टू-सीटर स्पोर्ट्स कार, उजवीकडे तिच्या कट्टर प्रतिस्पर्धी कंपनीची नवी गाडी. खाली तेवीस ओळी. पिकअप, ब्रेक, अ‍ॅव्हरेज, इन्शुरन्स, डिकी, रीसेल... प्रत्येकाला वजन, प्रत्येकाला मार्क. तळाशी बेरीज. नवी ८१, जुनी ६४.

म्हटलं, "अरे मग झालं की. दे आणि घे."

"तेच तर. बेरीज बरोबर आहे रे, पण पटत नाहीये."

(मागून वहिनींचा आवाज आला, "दोन्ही विका आणि मिनीव्हॅन घ्या म्हणावं." तो पर्याय शीटमध्ये नव्हता.)

आता मी काही गाड्यांतला तज्ज्ञ नाही. स्वतः पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये एक साधी हॅचबॅक दुसऱ्या गिअरमध्ये ढकलतो. पण जुन्या गाड्यांबद्दल वाचायचा नाद आहे हे त्याला माहीत. तर त्या दिवशी त्याला जी गोष्ट सांगितली ती आज नीट लिहून काढतोय. कारण नेमका हाच प्रश्न १९७० साली अमेरिकेत हजारो लोकांना पडला होता. त्यांच्याकडे एक्सेल नव्हतं इतकंच.

आधी एमजी

एमजी म्हणजे मॉरिस गराजेस. ऑक्सफर्डमधल्या मोटारविक्रीच्या दुकानात सेसिल किंबर नावाच्या माणसानं साध्या मॉरिस गाड्यांवर देखणी, चपळ बॉडी चढवायला सुरुवात केली आणि त्यातून हे नाव जन्माला आलं. १९२९ पासून कारखाना ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या गावात.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटन विजयी होता आणि कफल्लकही होता. सरकारचं धोरण सरळ होतं, निर्यात करा, डॉलर आणा. जो निर्यात करेल त्याला पोलाद मिळेल. एमजीनं १९४५ मध्ये टीसी नावाची गाडी काढली. दिसायला युद्धाच्या आधीची, तारांची चाकं, स्टीअरिंग फक्त उजवीकडे. अमेरिकेत पाठवतानासुद्धा उजवीकडेच! तरी अमेरिकन लोक तिच्यावर भाळले. इंग्लंडात असताना सैनिकांनी या गाड्या पाहिल्या होत्या, आणि घरी परतल्यावर त्यांना डेट्रॉइटचे ते आगबोटीएवढे सेडान नको वाटायला लागले. अमेरिकेत 'स्पोर्ट्स कार' नावाचं वेड रुजलं ते बरंचसं या चिमुकल्या गाडीमुळे.

मग १९५५ ला एमजीए आली, साधारण एक लाख बनल्या. १९६२ ला एमजीबी. १७९८ सीसीचं इंजिन, ९५ हॉर्सपॉवर, कापडी टप. १९८० पर्यंत तिच्या पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या अमेरिकेत गेल्या. म्हणजे गाडी बनायची अ‍ॅबिंग्डनमध्ये आणि जगायची कॅलिफोर्नियात.

आता एमजीबीच्या मालकाचा शनिवार कसा जायचा ते सांगतो. दोन एस.यू. कार्ब्युरेटर. त्या दोघांचा सूर जुळलेला असला पाहिजे, नाहीतर इंजिन खोकतं. त्यांच्या डोक्यावर एक छोटं झाकण, त्यात अधूनमधून तेल. सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्याही सीटच्या मागे फळीखाली, म्हणजे पाणी बघायचं तर आधी सामान काढा. मागे ट्रकसारखे पाटे. आणि इलेक्ट्रिकचं सामान ल्युकस कंपनीचं. ल्युकसला अमेरिकेत 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' म्हणायचे. इंग्रज कोमट बिअर का पितात? कारण त्यांचे फ्रिज ल्युकसचे असतात, असा तिकडचा जुना विनोद आहे.

पण गंमत बघा, हे विनोद सांगायचे कोण? एमजीवालेच. आपल्याकडे बजाजची स्कूटर आडवी करून मग किक मारायची, आणि ती चालू झाली की चेहऱ्यावर जे समाधान यायचं, तसलंच काहीतरी. गाडीच्या खोड्या माहीत असणं हा सुद्धा मालकीचाच एक भाग असतो.

भांडण कोणाशी आणि स्पर्धा कोणाशी

त्या काळात 'प्रतिस्पर्धी' म्हटलं की एमजीवाल्याच्या डोळ्यांसमोर ट्रायम्फ यायची. टीआर-३, टीआर-४, पुढे टीआर-६. एमजी बरी की ट्रायम्फ यावर वर्षानुवर्षं वाद. ट्रायम्फवाले म्हणायचे आमचं इंजिन दमदार, एमजीवाले म्हणायचे आमची बॉडी मजबूत.

१९६८ साली काय झालं? लेलँड आणि ब्रिटिश मोटर होल्डिंग्ज एकत्र आल्या आणि ब्रिटिश लेलँड ही महाकाय कंपनी तयार झाली. एमजी इकडची, ट्रायम्फ तिकडची, दोघी आता एकाच घरात. म्हणजे तुम्ही एमजी देऊन ट्रायम्फ घेतलीत तरी पैसे त्याच गल्ल्यात. आमच्या क्षेत्रात पण असं होतं. दोन डेटाबेसवर वर्षभर डोकी फोडायची, आणि एका सोमवारी बातमी येते की एका कंपनीनं दुसरी विकत घेतली.

त्याच वर्षी अमेरिकेत मोटारींच्या धुराचे आणि सुरक्षिततेचे नवे केंद्रीय नियम लागू झाले. ब्रिटिश कंपन्यांचे इंजिनिअर पुढची काही वर्षं गाडी सुधारण्याऐवजी नियमांत बसवण्यातच खर्ची पडले. ऑस्टिन-हीली ३००० तर त्याच सुमाराला बंदच झाली.

एमजी आणि ट्रायम्फवाले एकमेकांशी भांडत असताना, खरा प्रतिस्पर्धी बोटीतून येत होता.

शिष्य

आता थोडं मागे जाऊ. १९५२ मध्ये निस्सानने ब्रिटनच्या ऑस्टिन कंपनीशी करार केला. ऑस्टिनच्या गाड्या जपानमध्ये जोडायच्या, हळूहळू सुटे भाग तिथेच बनवायचे आणि तंत्र शिकायचं. आधी ए-४० सॉमरसेट, मग ए-५० केंब्रिज. जपानी लोकांनी हे काम विद्यार्थ्याच्या निष्ठेनं केलं, आणि ए-५० चा जवळजवळ प्रत्येक भाग स्वतः बनवायला शिकले.

ए-५० मध्ये १४८९ सीसीचं 'बी सीरीज' इंजिन होतं. डोनाल्ड स्टोन नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर निस्सानकडे सल्लागार म्हणून होता. तो म्हणाला, नव्या छोट्या इंजिनासाठी नवी यंत्रसामग्री कशाला घेता? याच इंजिनाचा स्ट्रोक कमी करा. तसं करून ९८८ सीसीचं इंजिन निघालं, ते १९५७ च्या डॅटसन २१० मध्ये बसलं.

आता हे 'बी सीरीज' इंजिन आणखी कुठे होतं माहितीये? एमजीएमध्ये, तेच १४८९ सीसी. एमजीबीमध्ये त्याच घराण्यातलं वाढवलेलं १७९८ सीसी. आणि... आपल्या अँबॅसेडरमध्ये! होय, १९५९ पासून पुढे कित्येक वर्षं अँबॅसेडरला जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते याच कुळातलं. म्हणजे मंत्रालयासमोर उभी असलेली पांढरी अँबॅसेडर, कॅलिफोर्नियातली लाल एमजीए आणि योकोहामाची डॅटसन यांचा मूळपुरुष एकच.

एकच इंजिन तिघांना मिळालं. एमजीनं त्यातून मौज काढली, निस्साननं धडा काढला, आणि आपण... आपण ते तसंच ठेवलं, जवळजवळ तीस वर्षं. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मिस्टर के

युताका काटायामा. जन्म १९०९. निस्सानमध्ये जाहिरात विभागात होते. १९५८ साली ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा घालणाऱ्या मोबिलगॅस ट्रायलमध्ये ते दोन डॅटसन २१० घेऊन गेले आणि त्यातल्या एका गाडीनं आपल्या गटात पहिला नंबर काढला. जपानमध्ये जंगी कौतुक झालं. १९६० मध्ये त्यांना अमेरिकेत पाठवलं गेलं, आणि तिथे पश्चिम किनाऱ्याची विक्री त्यांच्याकडे आली. त्या वेळच्या डॅटसन गाड्या अमेरिकन हायवेला अगदीच अशक्त होत्या. काटायामा स्वतः गाडी घेऊन छोट्या छोट्या विक्रेत्यांकडे फिरायचे. १९६५ मध्ये ते निस्सानच्या अमेरिकन कंपनीचे अध्यक्ष झाले.

त्यांचा टोकियोकडे सतत एकच धोशा होता. इथले रस्ते बघा, इथली माणसं बघा, त्यांना हवी ती गाडी द्या. एक खरी, परवडणारी जी.टी. हवी होती त्यांना. टोकियोत योशिहिको मात्सुओ आणि त्यांचे सहकारी अशाच एका गाडीच्या आराखड्यावर काम करत होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये ती गाडी जाहीर झाली. जपानमध्ये नाव 'फेअरलेडी झेड'. निस्सानचे अध्यक्ष कावामाता यांना ब्रॉडवेवरचं 'माय फेअर लेडी' फार आवडलं होतं, त्यावरून कंपनीच्या स्पोर्ट्स गाड्यांना हे नाव मिळालेलं. काटायामांना कळत होतं की या नावाची गाडी अमेरिकेतला गडी घेणार नाही. अमेरिकेत उतरलेल्या पहिल्या गाड्यांवरची ती नावं काढून तिथे '२४० झेड' बसवलं गेलं, असा किस्सा सांगतात. नाव साधं, इंजिन २.४ लिटर म्हणून २४०.

किंमत ३,५२६ डॉलर. त्या बदल्यात काय? २३९३ सीसी, सहा सिलिंडर, ओव्हरहेड कॅम, १५१ हॉर्सपॉवर. पुढे डिस्क ब्रेक. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे पाटे नाहीत. शून्य ते साठ मैल साडेआठ सेकंदांच्या आसपास, आणि ताशी १२० मैलांच्या वर वेग. एमजीबी त्या वेळी तीन हजारांच्या आत मिळायची खरी, पण साठ मैल गाठायला तिला बारा सेकंदांच्या आसपास लागायचे. तर २४० झेडशी ज्या गाडीची तुलना होत होती ती जॅग्वार ई-टाइप पाच हजारांच्या वर. आणि त्या झेडचे दोन कार्ब्युरेटर? हिताचीचे, पण एस.यू.च्याच नमुन्याचे. शिष्यानं गुरूची वही नीट जपून ठेवली होती. :)

एवढी गाडी एवढ्यात का परवडायची, त्याचं एक कारण कारखान्याबाहेर होतं. १९४९ पासून एका डॉलरला ३६० येन हा दर पक्का बांधलेला होता. जपानची उत्पादकता वाढत गेली, दर मात्र तोच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेत डीलरकडे रांगा लागल्या. काही जण छापील किमतीच्या वर पैसे मोजायला तयार. आणि 'दिसायला छान, पण टिकेल का' ही शंका दोन वर्षांत फिटली. पीट ब्रॉकच्या टीमतर्फे जॉन मॉर्टननं १९७० आणि १९७१, दोन्ही वर्षी अमेरिकेतली सी-प्रॉडक्शन गटाची राष्ट्रीय स्पर्धा २४० झेडमध्ये जिंकली. १९७१ मध्ये पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली, म्हणजे चिखल, धूळ आणि हजारो किलोमीटरचे खड्डे, तीही जिंकली. १९७३ ला पुन्हा जिंकली, आणि या वेळी स्टीअरिंगवर होता शेखर मेहता. युगांडातल्या भारतीय वंशाच्या कुटुंबात जन्मलेला. १९७२ मध्ये इदी अमीननं तिथल्या आशियाई लोकांना हाकललं, आणि पुढच्याच वर्षी या पठ्ठ्यानं शेजारच्या केनियात सफारी मारली. तीही कशी, दुसऱ्या डॅटसनमधल्या हॅरी कॅलस्ट्रॉमशी गुणांची बरोबरी होऊन टायब्रेकवर. पुढे मेहतानं ही रॅली आणखी चार वेळा जिंकली, १९७९ ते १९८२ सलग.

१९७१ मधला तो माणूस

आता कल्पना करा. साल १९७१. न्यू जर्सीतच धरू. तुमच्याकडे पाच वर्षांची एमजीबी आहे. पावसात टप गळतो. हिवाळ्यात सेल्फ लागत नाही. ऑफिसला सोमवारी सकाळी पोचायचं असेल तर रविवारी रात्री मनातल्या मनात प्रार्थना. आणि समोर शोरूममध्ये २४० झेड. हीटर चालतो. रेडिओ लागतो. किल्ली फिरवली की गाडी चालू होते. बस, एवढंच, पण रोज होते.

तेव्हा ज्यांनी गाडी बदलली त्यांच्याबद्दल वाचताना मला आधी वाटायचं की त्यांनी वेगासाठी बदलली. पण शांतपणे विचार केला तर वेगासाठी बदलणारे बदलतच राहतात, आज ही उद्या ती. एमजीवाल्याला एमजी हळू आहे हे घेताना माहीतच होतं. त्याला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मजा हवी असेल तर त्रास सहन करावा लागतो, असं त्याला पंचवीस वर्षं सांगितलं गेलं होतं. ऑइल गळणं, वायरिंग जळणं हा जणू स्पोर्ट्स कारचा धर्मच आहे. २४० झेडनं ते खोटं ठरवलं. मजा आणि खात्री एकत्र मिळू शकतात म्हटल्यावर आधीचा सगळा त्रास एकदम बिनकामाचा वाटायला लागला.

म्हणजे १९७१ ची एक्सेल शीट काढली असती तर झेड ८१, एमजी ६४. मित्राच्या शीटइतकीच स्वच्छ.

शीटमध्ये नसलेल्या ओळी

पण गोष्ट इथे संपत नाही.

अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. २४० झेडचा पत्रा त्या मिठापुढे टिकला नाही. पायाखालची फ्लोअर, मडगार्डच्या कडा, मागचा दरवाजा, जिथे पाणी साचेल तिथे गंज. इंजिन खणखणीत वाजतंय आणि गाडी खालून विरघळतेय, असे प्रकार झाले. एमजीबीही गंजायचीच, दारांखालच्या पट्ट्या तर हमखास. पण ते सगळ्यांना ठाऊक होतं, सुटे भाग मिळत होते, वेल्डिंग करणारा गावात होता. झेडचा गंज १९७१ च्या शोरूममध्ये कुणालाच दिसला नाही, कारण तो अजून व्हायचा होता!

१९७३ मध्ये धुराचे नियम पाळण्यासाठी नवे चपट्या डोक्याचे कार्ब्युरेटर बसवले गेले. गरम झाले की त्यांतलं पेट्रोल उकळायचं आणि गाडी अडखळायची. कितीतरी मालकांनी ते काढून आधीच्या वर्षांचे गोल डोक्याचे बसवले. म्हणजे शनिवारी पाना हातात घेणं काही चुकलं नाही.

आणि येन. ऑगस्ट १९७१ मध्ये निक्सननं डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. डिसेंबरमध्ये ३६० चा दर ३०८ झाला, १९७३ मध्ये तर तो मोकळाच सोडला. गाडीही बदलत गेली. १९७४ ला २६० झेड, जाडजूड बंपर. १९७५ ला २८० झेड, फ्युएल इंजेक्शन आल्यामुळे चालायला उत्तम, पण किंमत सहा हजार डॉलरच्या पुढे. १९७० मधला तो चमत्कारिक सौदा पाच वर्षांत साधा सौदा झाला.

मग बदलणारे चुकले का? नाही. कारण याच काळात एमजीचं काय झालं ते बघा.

१९७४ च्या शेवटी अमेरिकन नियमांसाठी एमजीबीला काळ्या रबराचे बंपर आले आणि गाडी जमिनीपासून उचलावी लागली. उंच झालेली गाडी वळणावर झुकायला लागली. अमेरिकेतल्या गाड्यांना दोनाऐवजी एकच कार्ब्युरेटर आला आणि ९५ हॉर्सपॉवरची गाडी सत्तरच्याही खाली आली. म्हणजे १९६२ ची गाडी १९७५ मध्ये स्वतःपेक्षा वाईट झाली होती! ब्रिटिश लेलँडकडे जे थोडे पैसे होते ते ट्रायम्फ टीआर-७ वर लागले, एमजीच्या वाट्याला काहीच नाही. १९७५ मध्ये कंपनी सरकारनं ताब्यात घेतली.

सप्टेंबर १९७९ मध्ये अ‍ॅबिंग्डनला कारखान्याची पन्नाशी साजरी झाली. गावात मिरवणूक, बँड, जुन्या गाड्या. लगेचच्या सोमवारी, १० सप्टेंबरला, कारखाना बंद करणार असल्याची घोषणा झाली. पौंड वधारला होता, अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक गाडीमागे शेकडो पौंडांचा तोटा होतोय असा कंपनीचा हिशोब होता. मालकांनी, विक्रेत्यांनी निदर्शनं केली, उपयोग झाला नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. ज्या कामगारांनी ती बनवली त्यांनी काही वाईट काम केलं नव्हतं. त्यांना अठरा वर्षं तीच गाडी बनवायला दिली होती.

मला हा भाग वाचताना दर वेळी पोटात कालवतं. कारण असा प्रोजेक्ट मी पाहिलाय. लोक चांगले, ग्राहक निष्ठावान, आणि वरून दर वर्षी एकच निरोप, 'सध्या फक्त कंप्लायन्सचे बदल करा.' ग्राहक जातात तेव्हा मॅनेजमेंटला आश्चर्य वाटतं. आम्हाला नाही वाटत.

मग एमजीवाल्यांना नेमकं काय हवं होतं?

याचं उत्तर १९८९ मध्ये मिळालं. फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार शोमध्ये माझदानं मियाटा दाखवली. छोटी, हलकी, दोन सीट, कापडी टप, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. म्हणजे थेट जुन्या ब्रिटिश रोडस्टरची कुंडली, फक्त ती रोज सकाळी चालू व्हायची आणि पावसात गळायची नाही. २००० साली तिनं जगात सर्वांत जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून गिनेसमध्ये नोंद केली, एमजीबीला मागे टाकून. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी निघाली.

लक्षात घ्या, २४० झेडनं एमजीचं गिऱ्हाईक घेतलं, पण एमजीची जागा घेतली नाही. झेड ही बंद टपाची, लांब पल्ल्याची जी.टी. होती. टप खाली करून संध्याकाळी उगाच चक्कर मारायची गाडी ती नव्हतीच. ती जागा जवळजवळ दहा वर्षं रिकामी राहिली. गाडी बदलणाऱ्यांपैकी अनेकांना जे गमावलं ते तेव्हा कळलं नसावं, कारण हीटर चालत होता.

आणि झेडवाल्यांचंही तेच झालं. गाडी फुगत, महाग होत गेली. १९९६ मध्ये अमेरिकेत तिची विक्री थांबली. तेव्हा निस्साननं जुन्या २४० झेड विकत घेऊन, पूर्ण नव्यासारख्या करून, पुन्हा डीलरमार्फत विकायची योजना काढली. किंमत २४,९५० डॉलर. बेत दोनशेचा होता, चाळीसही झाल्या नाहीत. गंजलेला पत्रा बदलणं कंपनीलासुद्धा परवडलं नाही! पुढे २००२ मध्ये ३५० झेड आली तेव्हा कुठे घराणं पुन्हा सुरू झालं. काटायामा यांनी हे सगळं बघितलं. २०१५ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी ते गेले.

ही दोन्ही नावं पुढे आपल्याही देशात आली, ही आणखी एक गंमत. डॅटसनचं नाव निस्साननं २०१४ मध्ये भारतात स्वस्त छोट्या गाड्यांसाठी परत आणलं आणि २०२२ मध्ये गुंडाळलं. आणि एमजी हे नाव आता चिनी कंपनीकडे आहे. २०१९ पासून गुजरातेतल्या हालोलमध्ये बनलेल्या एमजी आपल्या रस्त्यांवर धावतायत. आमच्या सोसायटीत दोन आहेत. त्यांच्या मालकांना मी अ‍ॅबिंग्डनची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला होता. लिफ्ट आली.

तर मित्राला काय सांगितलं

त्याला म्हटलं, तुझ्या शीटमध्ये एक मोठी चूक आहे. जुन्या गाडीच्या रकान्यात तू आठ वर्षांच्या तक्रारी लिहिल्यास. नव्या गाडीच्या रकान्यात वीस मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह. एकीचे दोष तुला पाठ आहेत, दुसरीचे अजून व्हायचेत. आपण जुना कोड फेकून नवा लिहायला घेतो तेव्हा हेच करतो की नाही? जुन्यातला प्रत्येक बग ठाऊक, नव्यात अजून एकही नाही, कारण तो अजून चाललाच नाहीये.

पण म्हणून जुनीलाच कवटाळून बस असंही नाही. १९७१ मध्ये एमजी सोडणारे बरोबरच होते, कारण त्यांच्या गाडीची कंपनी तिला सुधारायचं सोडून बसली होती. तेव्हा दोन प्रश्न विचार. एक, तुझ्या कंपनीचं नवं मॉडेल तुझ्या गाडीपेक्षा खरंच चांगलं आहे का, की नुसते बंपर बदललेत? दोन, त्या दुसऱ्या कंपनीची आठ वर्षं जुनी गाडी शोध, नवी नको. तिचा मालक शोध. तिच्याखाली वाकून बघ. न्यू जर्सीतच आठ हिवाळे काढलेली असली तर उत्तम. आणि तिसरं, हा प्रश्न नाही पण बघ, नवी गाडी तुझी जुनीची जागा घेणार आहे की फक्त तिचे पैसे?

तो म्हणाला, "हे शीटमध्ये कसं टाकू?"

म्हटलं, "टाकू नकोस. जाऊन बघ."

काल पुन्हा फोन आला. अशी एक गाडी सापडली म्हणे, दीड तास लांब. मालकानं तासभर चालवायला दिली. गाडी सुरेख आहे, वळणावर तर त्याच्या गाडीपेक्षा सरस. पण परत येताना स्वतःच्या गाडीत बसला, टप खाली केला, आणि लक्षात आलं की आपल्याला टोचतंय ते गाडीचं नाही, टायरचं. चार वर्षं तेच टायर होते. लाकडासारखे कडक झालेले.

नवे टायर टाकलेत. शीटमध्ये 'टायर' ही ओळच नव्हती.

वहिनी मिनीव्हॅनवर ठाम आहेत.